टूनाचं रील आणि जऊळक्याचे काका

काकांना चप्पल घ्यायला अकरा महिने लागले होते. खोटं नाही सांगत. जुनी चप्पल तुटल्यावर त्यांनी वाशीम, मालेगाव आणि मंगरूळपीर अशा तीन गावांच्या दुकानांत जाऊन चपला वाकवून, पिळून, ओढून पाहिल्या. तोवर तुटकी चप्पल मोटारीच्या तांब्याच्या तारेनं शिवून घातली. शेवटी घेतली ती पहिल्याच दिवशी पाहिलेली, पहिल्याच दुकानातली. दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, हेच घ्याची होती त येवढे दिवस काय केलं?" काका म्हणाले, "बाकीच्या काहून नाई घ्याच्या, थे त समजलं ना!"

वाशीमजवळच्या जऊळक्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातली पाण्याची मोटर जळाली की ती उघडायची, जळकी तार काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची, हा धंदा. शेजारी माझं ऑनलाइन सेंटर. सातबारा, जातीचा दाखला, पीकविम्याचा फॉर्म. दोघांच्या मध्ये एक पत्र्याची भिंत, आणि ती भिंत काकांनी कधी मानली नाही. दुपारी बारा वाजता ते माझ्या दुकानात यायचे आणि सरळ माझ्या खुर्चीवर बसायचे. मी उभा, गिऱ्हाईक उभं, काका बसलेले.

त्यांची एक सवय होती. लांब पेचकसाचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत बेअरिंग कसं फिरतंय ते त्यांना कळायचं. इथवर ठीक. पण काका तो पेचकस कुठंही लावत. काकूंच्या मिक्सरला लावत, शेवयाच्या मशीनला लावत, लग्नात बँडवाल्याच्या जनरेटरला लावत. एकदा माझ्या कॉम्प्युटरला लावून म्हणाले, "याचा पंखा सहा महिन्यात जाईन." मी म्हटलं, "तुमच्या तोंडात साखर पडो, काका!" पंखा पाच महिन्यांत गेला. ते माझ्याकडं बघून हसलेसुद्धा नाहीत, उलट एक महिना चुकला म्हणून दोन दिवस उदास होते.

पोरीसाठी जावई निवडला तोही असाच. बोअरमधून मोटर वर काढायची किंवा खाली सोडायची म्हणजे तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, कप्पी लावायची आणि दोर चार गड्यांनी धरायचा. सोयरिकीला आलेल्या प्रत्येक पोराला काका चहा पाजून थेट कुणाच्या तरी शेतात न्यायचे आणि दोर हातात द्यायचे. काहींनी दोर इतका घट्ट धरला की तळहात सोलून निघाले. एक एम.ए. झालेला पोरगा होता, त्यानं घाबरून दोरच सोडला आणि मोटर बोअरमध्ये गेली ती गेलीच. शेवटी आसेगावच्या एका पोरानं खांद्यावरचा दुपट्टा तळहाताला गुंडाळला आणि दोर असा सोडला की मोटर खाली टेकल्याचं कुणाला कळलं नाही. काकांनी तिथंच हात जोडले. म्हणाले, "या पोराले ढील देता येते. संसारात दुसरं काय लागते?"

घरी येऊन त्यांनी हेच पुन्हा सांगितलं, तेव्हा काकू उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग तुमाले काहून नाई आली थे?"

असा हा माणूस. त्यामुळं गावात त्यांचं मत कुणी विचारत नसे. "काका, मोटर कधी देता?" एवढंच लोक विचारायचे. कोणती मोटर घ्यावी हे विचारायला मात्र सगळे अकोल्याला जायचे, कारण काकांना विचारलं तर उत्तर येईपर्यंत गहू वाळून जाईल हे पोरासोरांना ठाऊक होतं. काकांना ते लागायचं. बोलायचे नाहीत, पण कुणी नवी मोटर टेम्पोतून उतरवताना दिसला की पेचकस घेऊन जायचे, कानाला लावायचे आणि मान हलवत परत यायचे.

मग ते रील आलं.

विजेच्या ऑफिसात कोकणातला एक साहेब बदलून आला होता. त्याच्या शेतकरी घरमालकाची मोटर काकांनी केली, ती पाहून साहेब खूश झाला. सुट्टीवरून येताना त्यानं पिशवीतून एक जड, नारळाएवढी चकरी आणली. मालवणकडे त्याच्या ओळखीचा एक बोटवाला होता. तो हौशी पाहुण्यांना खोल समुद्रात गळ टाकायला न्यायचा. टूना नावाचा भला दांडगा मासा तिकडं मिळतो. त्याच्यासाठीचं, गळाची दोरी गुंडाळायचं हे रील अडकलं होतं आणि उघडायला कुणी तयार नव्हतं. काकांनी ते चार दिवसांत उघडलं, धुतलं, एक स्प्रिंग स्वतः वळून बसवली. साहेब घेऊन गेला, पुढच्या महिन्यात त्याची बदलीही झाली. जाताना बोटवाल्याला 'वाशीमचे काका' म्हणून नंबर तेवढा देऊन गेला.

रील परत गेलं, पण काका परत आले नाहीत. मी पाहिलंय, माणसं बाईसाठी, बाटलीसाठी वेडी होतात. हे एका चकरीसाठी झाले. दुसऱ्या दिवशी बारा वाजता माझ्या खुर्चीत बसून म्हणाले, "टूनाचं रील काड."

मी म्हटलं, "काका, बाहीर लोक उभे हायेत."

"त्याईले बी दिसू दे."

इंग्रजी माहितीपत्रकं मी वाचून सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. कंटाळून मी एकदा म्हटलं की तुम्हाला यातलं काय कळतंय. तर म्हणाले, "तुले इंग्रजी येते, मले लोखंड येते. वाच." मी वाचलं की ड्रॅग म्हणजे मासा पळायला लागला की दोरी किती जोरावर सुटायची, ते ठरवायची कळ. काका ताडकन उठले. "ढील म्हन ना लेका! येवढं इंग्रजी कायले झाडून राह्यला?" त्या दिवसापासून आमच्या दोन्ही दुकानांत फक्त ढिलीच्या गोष्टी. कोणतं रील किती दोरी घेतं, कोणाला दोन गती आहेत, कोणात खारं पाणी शिरतं.

गावात बोभाटा झाला की काका रील बनवून राहिले. शेजारच्या गल्लीतली एक वहिनी नवी साडी नेसून आली आणि म्हणाली, "काका, मलेबी एखाद्या रिलमंदी घ्या ना." काकांनी तिला अर्धा तास ढील समजावून सांगितली. ती बिचारी घरी गेली आणि पुन्हा त्या रस्त्यानं आली नाही.

अशात एक दिवस बोटवाल्याचा फोन आला. तुम्ही उघडलेलं रील नव्यापेक्षा चांगलं चालतंय, म्हणाला. नवी बोट घेतलीय, पावसाळ्यानंतर हंगाम सुरू होईल, चार नवी रीलं घ्यायचीत, आणि पाहुण्यांसमोर रील फसलं तर पुढच्या वर्षी कुत्रं फिरकणार नाही बोटीवर. मग म्हणाला, "काका, तुम्ही सांगाल ते घेतो. तुम्ही जाणते आहात."

काकांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ हाताकडं बघत बसले. मला म्हणाले, "मले इचारून राह्यला. समुद्रावरचा मानूस. मले!" त्यांचे डोळे भरले होते. मी चेष्टा करणार होतो, पण जीभ आवरली.

चार महिने त्यांचे फोन चालले. फोन नेहमी मोठ्या आवाजावर, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं, फक्त मी त्यात फार डोकं घालत नव्हतो. एप्रिलमधलं एक बोलणं मला आजही जसंच्या तसं आठवतं.

"काका, तुमच्याकडे पाणी कसंय?"

"पानी खोल गेलं बावा. साडेतीनशे फुटावर भेटून राह्यलं."

"बापरे! एवढं लांब जाता?"

"जा लागते. वरतं काईच नाई राह्यलं."

"आणि लाट?"

"लाटीचं त इचारूच नोको. दुपारी मानूस बाहीर निंगत नाई."

"मग पहाटे निघत असाल."

"पाच वाजता. ऊन व्हायच्या आंधी वर काडून घेतो. एकएक धूड साठ किलोचं राह्यते. चार गडी दोर वढतात तवा वर येते."

मग तो हळूच म्हणाला, "या वयात! काका, मानलं तुम्हाला."

काका बोअरच्या मोटारीबद्दल सांगत होते. मीही तेच समजलो. समोरचा काय समजला असेल, हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. मी तेव्हा कुणाच्या तरी रेशन कार्डावर बापाचं नाव दुरुस्त करत होतो.

शेवटी काकांनी एक सोनेरी रील ठरवलं. चपलेला अकरा महिने, टूनाला चार. मी पेढे वाटायचंच बाकी ठेवलं होतं. बोटवाल्यानं नमुन्याला एक घेतलं. म्हणाला, तुम्ही एकदा हातात घेऊन बघा, होकार द्या, मग बाकीची तीन घेतो.

आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. "काका, मी वाशीला आलोय. स्टेशनवर उभा आहे. रील सोबत आहे. कुठे येऊ?"

काका खुर्चीवरून उडालेच. "वाशीमले आला! आंधी सांगाचं त खरं! आता असं कर, अकोल्याकडची प्याशिंजर धर अन् जऊळक्याले उतर. मी स्टेशनवर उभा राह्यतो."

"अकोला? काका, इथं पनवेलची गाडी आहे, ठाण्याची आहे. अकोल्याची दिसत नाही."

काका माझ्याकडं वळले. "काबे, वाशीमवरून पनवेलची गाडी कधी चालू झाली?"

माझ्या हातातला माऊस सुटला. मी फोन घेतला आणि विचारलं, "भाऊ, तुमी कोन्या गावी उभे हाये?"

"वाशी. नवी मुंबईची वाशी. खाडीकडची. दुसरी कुठली असते?"

मी म्हटलं, "भाऊ, हे वाशीम हाये. म वाला. विदर्भातलं."

नंतर जे झालं ते ऐकवत नव्हतं. बोटवाल्यानं एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. साडेतीनशे फूट कसलं? बोअरचं. लाट कसली? उन्हाची. साठ किलोचं धूड? पाण्याची मोटर. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही समुद्र पाहिलाय तरी का?"

"नाई," काका म्हणाले. "तू कधी इचारलंच नाई."

फोन कट झाला.

दोन दिवस काका दुकान उघडून नुसते बसले. जेवण तसंच परत जायचं. काकू मला म्हणाल्या, "बाबू, बोल ना त्याईच्याशी. सासू मेली तवा बी येवढे गप नवते बसले." मी गेलो, म्हटलं, काका, तुम्ही कुठं खोटं बोललात? तर म्हणाले, "खोटं नाई बोललो. पन थो मानूस आता त्या रीलकडं पाहून म्हनत असंन, कोन्या येड्याचं आयकलं." मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. गावातल्या रिकामटेकड्यांनी तर नाव ठेवूनही टाकलं होतं: दर्यासारंग.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एक काळासावळा, धिप्पाड माणूस जऊळक्याला उतरला. खांद्याला पिशवी. स्टेशनवरून विचारत विचारत थेट दुकानात आला. काका उठून उभे राहिले. तो म्हणाला, "मला फक्त बघायचं होतं, मी चार महिने कुणाचं ऐकत होतो." रागात होता, पण रात्रभर प्रवास करून आलेला माणूस, काकूंनी आधी ताटावर बसवला. ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यानं राग थोडा वाहून गेला असावा.

मग त्यानं सोनेरी रील काढून टेबलावर ठेवलं. काका आयुष्यात पहिल्यांदा ते पाहत होते. हात लावायच्या आधी त्यांनी शर्टाला हात पुसले. फिरवलं, पेचकस लावला, ऐकलं. बोटवाला म्हणाला, "काय म्हणता?"

"असं फिरवून काय समजते? वढून पाह्यलं पायजे."

"कशानं ओढणार? इथं टूना कुठून आणू?"

काकांनी रस्त्यापलीकडं पाहिलं. तिथं शेजाऱ्याचा गोऱ्हा बांधलेला होता. सगळ्या जऊळक्यात त्याच्याइतकं बदमाश जनावर नव्हतं. छत्री उघडली की तो उधळायचा, मग तो थेट किन्हीराजा गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत थांबायचा नाही.

तासाभरात अर्धं गाव रिकाम्या वावरात जमलं. काकांनी मोटर काढायची लोखंडी घोडी जमिनीत गाडली, तिला रील आवळलं. कापूस मोजायचा स्प्रिंगकाटा लावून दोरी ओढली आणि कळ अशी बसवली की पंधरा किलोच्या जोरावर दोरी सुटावी. गोऱ्ह्याच्या छातीभोवती पट्टा बांधून दोरी त्याला जोडली. बोटवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या तोंडावर असं होतं की, देवा, मी बोट सोडून इथं काय करतोय.

कुणीतरी छत्री उघडली.

गोऱ्हा असा सुटला की पट्टा बांधणारा तिथंच धुळीत बसला. रील किंचाळलं. दोरी सुटत होती, पण तुटत नव्हती, घोडी थरथरत होती, पोरं शिट्ट्या मारत होती. बोटवाला एकदम ओरडला, "अगदी अस्साच! अगदी अस्साच पळतो तो!" तो घोडीकडं धावला, कळ धरली आणि गोऱ्ह्याला गोडीगुलाबीनं वळवू लागला. गोऱ्हा दोनदा वळला आणि दोनदा पुन्हा पळाला. अखेर दमून, जीभ काढून, पाय ओढत परत आला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोटवाल्यानं काकांना मिठीच मारली. म्हणाला, "काका, माफ करा. मी उगाच चिडलो. आता बाकीची तीन लगेच सांगतो." आणि फोन काढून दुकानदाराशी बोलत बाजूला गेला.

"दर्यासारंग! दर्यासारंग!" म्हणून पोरं ओरडत होती, पण आता त्यात चेष्टा नव्हती. मी काकांकडं पाहिलं. ते रीलपाशी बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी पुन्हा काटा लावला होता आणि दोरी ओढली होती.

दोरी दहा किलोवरच सुटली.

त्यांनी पुन्हा ओढली. दहा. आणखी एकदा ओढली. दहा. रील तापलेलं होतं, आतली चकती तापून ढिली पडली होती. काटा फक्त त्यांनी आणि मी पाहिला होता.

मी खाली वाकलो आणि म्हटलं, "काका, राहू द्या ना. थो खूश हाये, गाव खूश हाये. त्याले कुठं समजते?"

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. ते उठले, गुडघ्याची माती झाडली आणि बोटवाल्यापाशी गेले. "फोन ठेव," ते म्हणाले. "घेऊ नोको थे रील."

बोटवाल्यानं फोन कानापासून दूर धरला.

"तापलं का ढील जाते त्याची. मासा पयल्यांदा पळंन तवा धरंन, तिसऱ्यांदा पळंन तवा काईच नाई धरनार. म्या चार महिने तुले चुकीचं सांगतलं. समुद्र नाई पाह्यला म्हनून नाई चुकलो. वढून पाह्यलं नाई अन् नुसतं आयकलं, म्हनून चुकलो." त्यांनी हात जोडले. "तुले येवढ्या लांबून या लागलं. माफ कर बावा."

एवढं बोलून ते हात खाली सोडून उभे राहिले. आता हा माणूस पिशवी उचलेल, एखादी शिवी देईल आणि संध्याकाळची गाडी धरेल, हे मला दिसत होतं. काकांनाही दिसत होतं.

बोटवाल्यानं फोनवर "नको, राहू द्या" एवढं सांगितलं. मग तो घोडीपाशी आला, रीलला बोट लावलं, चटका बसला म्हणून झटकलं. स्वतः काट्यानं दोरी ओढून पाहिली. दहा. मग वर पाहून म्हणाला, "मग आता कुठलं घेऊ?"

काकांनी मागं वळून पाहिलं, हा कुणाला विचारतोय म्हणून. मागं फक्त गोऱ्हा उभा होता.